लाल दोऱ्यापर्यंत

५ मार्च

ड्रायव्हरीणबाईंना सासूचा भरभरून आशीर्वाद. सासूच्या आधी 'माजी' लावायचं की नाही ते तू ठरव. मी लावून बघितलं, पण ते ठिगळासारखं दिसलं म्हणून काढून टाकलं.

जाताना तू म्हणाली होतीस, "आई, फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मला परत यावंसं वाटेल, आणि मला परत यायचं नाहीये." पत्र लिहू नका असं काही म्हणाली नव्हतीस. ही फट मला आज दिसली. आयुष्यभर रफू केलं, फट नजरेतून सुटत नाही माझ्या, पण हल्ली उशिरा दिसते. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. वाचलंस तरी पुष्कळ झालं.

कारण तसं साधंच आहे. उन्हाळा लागलाय, आणि तुझ्या नव्या गावच्या डेपोत बायकांसाठी सोय आहे का, या विचाराने मला चैन पडत नाही. आपल्या डेपोतलं ते प्रकरण आठवतंय ना? संडास होता, पण त्याला कुलूप, आणि किल्ली कँटीनवाल्याच्या खिशात. तो माणूस चहा ओतता ओतता अख्ख्या कँटीनला ऐकू जाईल असं विचारायचा, "मोठं काम की छोटं?" म्हणून तुम्ही तिघी बायका सकाळी घरून निघाल्यापासून ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. वर मला ऐटीत सांगायचीस, "सवय झालीये आई." कसली सवय? एक दिवस दारातच पोट धरून बसलीस, अंगात फणफणून ताप आणि डोळ्यांत पाणी. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तू बरी झालीस, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मी पदर खोचला. जवाचं पाणी उकळून गाळून ठेवायला लागले. तुझे ते झुळझुळीत नायलॉनचे कपडे काढून सुती आणले, तू नाक मुरडलंस तरी. पुढून मागे पुसायचं, मागून पुढे नाही, हे मी तुला अशा वयात शिकवलं की तू गाडी रिव्हर्स घेताना हसू आवरेना म्हणून डेपोत खांबाला ठोकलीस. नवऱ्याजवळ झोपलीस की नंतर आधी बाथरूमला जाऊन यायचं, हेही सांगितलं होतं. त्या दिवशी तू लाजून उशीत तोंड खुपसलं होतंस. आता ते सांगायची गरज उरली नाही. जाऊ दे, लिहून गेले.

आणि ती बाटली. नुसतं 'पाणी पी' म्हणून तू पिणार नव्हतीस, म्हणून मी बाटलीला दोरे बांधले. वर लाल, मध्ये निळा, तळाशी पांढरा. पहिली फेरी संपेपर्यंत लाल दोऱ्यापर्यंत, जेवायच्या सुट्टीत निळ्यापर्यंत, घरी येताना पांढऱ्याच्या खाली. दोऱ्याला पक्की गाठ मारलेली, धुताना सरकायला नको. संध्याकाळी तू बाटली माझ्यासमोर धरायचीस आणि मी पास की नापास ते सांगायचे. सामान नेताना तू नवऱ्याने दिलेलं घड्याळ ठेवून गेलीस आणि बाटली घेऊन गेलीस. मला फार बरं वाटलं. त्याच्यासमोर दाखवलं नाही.

पण पाणी प्यायचं तर जायला जागा हवी, म्हणून मी डेपोत आले होते, ते तू विसरली असशील असं मला वाटत नाही. मॅनेजरच्या केबिनबाहेर दहा-बारा ड्रायव्हर उभे, आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या सुनेला लघवीला जायची किल्ली हवी. कँटीनमधल्या खिशात नको, बायकांच्या खोलीतल्या खिळ्याला हवी." तू खांबाआड लपलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी जेवताना एकटीच हसायला लागलीस आणि किल्ली खिळ्याला लागल्याचं सांगितलंस.

तर नव्या डेपोत किल्ली कुठे असते तेवढं एका ओळीत कळव. नसेल तर मी येते. माझा आवाज अजून आहे.

मी ठणठणीत आहे. सहज लिहिलं.

तुझी सासू


१९ मार्च

बाईसाहेब,

उत्तर नाही. ठीक आहे, मीच तशी सूट दिली होती. पण जवाची जुनी पिशवी कपाटात सापडली आणि तू दारात उभी असल्यासारखं झालं, म्हणून पुन्हा बसले लिहायला.

इथलं सांगते. चिरंजीव आता गोदामाजवळ खोली घेऊन राहतात. दर रविवारी येतात, फळं आणतात, बल्ब गेलाय का बघतात, आणि मग घड्याळ बघतात. वाईट नाही गं तो. त्याला घरात कुठे बसावं तेच कळत नाही. तुझ्या खुर्चीत बसत नाही, आणि त्याची खुर्ची तुझ्या खुर्चीच्या समोर. मग उभाच राहतो. प्यायलेले कप विसळून ठेवतो आणि जातो. त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी बोलतात ते खालचे लाँड्रीवाले, तेही "बाही फाटलीये", "अस्तर उसवलंय" एवढंच. मी कोटांशी बोलते. कोट बरे, मध्ये तोडत नाहीत.

गुडघा कुरकुरतो. आपला संडास एक जिना खाली, तुला माहीतच आहे, आणि त्या जिन्याला कठडा नाही. उतरताना भिंतीला हात लावत उतरते, चढताना प्रत्येक पायरीवर कुणाला तरी शिव्या देते. म्हणून मी जरा पाणी कमी केलंय. चहाही एकच. कमी प्यायलं की खाली जायला कमी लागतं, साधा हिशोब आहे.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. गप्प बस.

आता लिहूनच टाकते. पुढची ओळ दोनदा लिहून खोडली होती. मला जरा जळजळ होतेय. सारखं जावंसं वाटतं, खाली जाऊन बसलं की थेंबभर. फार नाही. तुझ्याएवढी तर मुळीच नाही. जवाचं पाणी सुरू केलंय, घोट घोट. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, दही खा. त्यांना मी खरं कारण सांगितलं नाही, पोट बिघडलंय म्हणाले, म्हणून दही. लाँड्रीवाल्यांची बायको म्हणते, सगळ्यावर खायचा सोडा. तिच्या घरी तुटलेल्या खुर्चीलाही सोडाच लावत असतील. लिंबूपाणी घेतलं तर आणखी झोंबलं. एकंदरीत माझ्यावर प्रयोग चालू आहेत.

डॉक्टरकडे जा म्हणशील. आपल्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून मुलीकडे गेल्या. त्यांच्या जागी कोण आलंय ठाऊक आहे? ढोल्या. चिरंजीवांचा शाळेतला मित्र, जो आपल्याकडे सुट्टीत मुक्कामाला असायचा आणि माझ्या हातचं जेवून ताट चाटायचा. आता काठीसारखा वाळलाय, पण मी त्याला ढोल्याच म्हणते. त्याच्यासमोर बसून मी हे सांगू? ज्या पोराचं नाक पुसलं त्याला? मरेन, पण सांगणार नाही.

आणि चिरंजीवांना तर नाहीच. या विषयातली घरातली गुपितं आजवर मीच सांभाळली आहेत. एक तर अजून सांभाळतेय, कुणाचं ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय. माझं स्वतःचं सांभाळायला काय हरकत आहे?

तू होतीस तेव्हा हे बोलायला कुणीतरी होतं. आता कळतंय, मला औषधापेक्षा त्याची सवय लागली होती.

पाणी पी. माझं बघून शिकू नकोस.

सासू


तारीख भिंतीवर आहे, बघून घे

अगं,

बाटली विसरून गेलीस. खिडकीत ठेवलीये, लाल दोरा उन्हात चमकतोय. अशी बाटली विसरून कशी जातेस, आज तर तुझी लांबची फेरी. मी खिडकीतून हाका मारल्या, तू बस घेऊन गेलीससुद्धा. ड्रायव्हर बाई वळून बघतच नाही.

लाँड्रीवाले ओरडून गेले. म्हणे कोटाची बाही तोंडाशी शिवून टाकली, हात बाहेर येत नाही. मी म्हणाले, बंद करायचं असतं ते बंद केलंय. थंडी आत शिरते ना. त्यांना कळत नाही. त्यांनी चिरंजीवांना फोन केला आणि मग ते आले, रविवार नव्हता तरी आले. मला विचारतात, आई आज कुठला वार. मी म्हणाले, तू आलास म्हणजे रविवार. तर डोळे पुसायला लागले. कशाला पुसतोय, मला समजेना.

अंग कढत लागतंय. पांघरूण घेतलं की उकडतं, काढलं की हुडहुडी भरते.

तुझं ताट झाकून ठेवलंय. आलीस की दोनदा ठोठाव, म्हणजे मला कळेल तू आहेस. पाकीट शिक्षिकाबाई पेटीत टाकतील, त्या खालीच चालल्यात.

सुई सापडत नाहीये. कुठेतरी टोचेल तुला, सांभाळून बस.


८ एप्रिल

बाईसाहेब,

आज डोकं जरा जागेवर आहे. सकाळी असतं, दुपारनंतर ढग येतात. म्हणून घाईने लिहितेय.

मधे मी तुला काहीतरी पाठवलं, असं शिक्षिकाबाई सांगतात. काय लिहिलं ते मला आठवत नाही. त्यात वेडंवाकडं काही असेल तर फाडून टाक.

तुझं कार्ड आलं, एकोणीस तारखेच्या पत्राला. दोनच ओळी. "किल्ली बायकांच्या खोलीत आहे, काळजी नसावी. तुम्ही डॉक्टरकडे जा. जवाचं पाणी आधीचं असतं, झाल्यानंतरचं नसतं, हे मला तुम्हीच शिकवलंत." हो, शिकवलं. तुला फरफटत नेताना रिक्षात हेच बडबडत होते की कुलूप चोर यायच्या आधी लावायचं असतं, चोर घरात शिरल्यावर पोलीस बोलवायचे. कार्ड उशीखाली ठेवलंय. अक्षर तसंच आहे तुझं, घाटात वळल्यासारखं.

डॉक्टरकडे गेले. म्हणजे नेलं मला. पण भलत्याच कारणासाठी.

कोटाची बाही, गॅसवर कोरडं भांडं, आणि जिन्यात बसून मी तुझ्या बसची वाट बघत होते म्हणे, एवढ्यावरून चिरंजीव ढोल्याकडे घेऊन गेले. ढोल्याने मला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मी घड्याळ काढलं, आकडे सगळे एकाच बाजूला जाऊन बसले. मग तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. एकही आठवेना. मग तो हळू आवाजात चिरंजीवांशी बोलायला लागला. माझ्यासमोर, माझ्याबद्दल, मी तिथे नसल्यासारखं. 'विसरण्याचा आजार' एवढे शब्द मला कळले.

मग त्याने विचारलं, "काकू, लघवीचा काही त्रास? जळजळ, ताप?" बरोबर विचारलं गं त्याने. चिरंजीव शेजारी, खुर्चीला खुर्ची लागलेली. मी म्हणाले, "छे, काही नाही." कागदावर लघवीची तपासणी लिहिली होती. नर्सने डबी दिली. चिरंजीव ती डबी चहाचा कप धरावा तशी दोन्ही हातांत धरून बाथरूमपर्यंत माझ्यामागून आले. मी आत गेले, नळ सोडून उभी राहिले आणि डबी कोरडीच परत दिली. "होत नाही," म्हणाले. रक्त दिलं. रक्तात काही निघालं नाही.

आता मुद्द्यावर येते, ढग यायच्या आत. चिरंजीवांनी माझ्यासाठी एक निवास बघितलाय. म्हाताऱ्या माणसांचा. गावाबाहेर आहे, बाग आहे, प्रत्येक खोलीला जोडून संडास आहे, हे त्याने तीनदा सांगितलं. एक तारखेपासून जागा रिकामी होतेय. शुक्रवारी सकाळी दहाला पुन्हा ढोल्याकडे जायचं, निवासाच्या कागदावर त्याची सही हवी की हिला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. सही झाली की माझी शिवणाची पेटी तिथे चालणार नाही. सुया आणि कात्री असतात ना त्यात. ज्यांचं डोकं फिरलंय त्यांच्या हाती सुई देत नाहीत.

त्याच्यावर रागवू नकोस. हे सांगताना तो पहिल्यांदाच खुर्चीत बसला, तुझ्या खुर्चीत, आणि माझा हात धरला. "आई, मला रात्री झोप लागत नाही. तू पडलीस तर कळणारसुद्धा नाही मला." खोटं नाही ते.

मला माहीत आहे काय केलं पाहिजे. एक वाक्य बोलायचं आहे. डेपोत तुझ्यासाठी दहा-बारा पुरुषांसमोर बोलले तेच, फक्त 'सुनेला'च्या जागी 'मला'. ते तोंडातून निघत नाही. आरशासमोर बोलून बघितलं. आरशासमोरही नाही निघालं. खरंच डोकं गेलं असेल तर बरंच होईल, निदान लाज तरी जाईल त्याच्याबरोबर.

मला भीती वाटते. हे तुलाच लिहू शकते.

सासू


२ मे

माझ्या बाई,

आधी बाटलीचं. त्या शुक्रवारी परत जाताना तू ती माझ्या टेबलावर ठेवून निघून गेलीस, मी हाक मारेपर्यंत तू जिना उतरलेली. तुझ्याशिवाय तुझी बाटली ठेवून मी काय करू, असं म्हणून रडले थोडी. मग उठले आणि दुसरी बाटली आणली. दोन्ही शेजारी ठेवून दोऱ्यांची मापं घेतली, तंतोतंत. नवी मला ठेवली. जुनी या पत्राबरोबर पार्सलने येतेय. लाल दोरा विरला होता, बदललाय.

आता त्या शुक्रवारचं. तू म्हणशील, मी तिथेच होते की. होतीस, पण दारात, माझ्या पाठीमागे. तुला माझी पाठ दिसली. समोरून काय दिसलं ते मी सांगते.

ढोल्याने पेन उघडलं होतं. कागद चिरंजीवांनी सरळ करून दिला. तेवढ्यात दोनदा ठोठावल्याचा आवाज आला, आणि मी मागे न बघता ओळखलं. ढोल्या वर बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही?" आणि चिरंजीवांचा चेहरा असा झाला की काय सांगू. शाळेबाहेर आई उशिरा आली की पोरं कशी बघतात, तसा. त्यांना एकदम आनंद होतो आणि दुसऱ्या क्षणी आठवतं की आपल्याला राग आलाय. त्याला तुझा राग आलाय, अजून आहे. पण पहिला क्षण मी बघितला, म्हणून लिहितेय. त्यातून काही अर्थ काढ असं मी म्हणत नाही.

तू म्हणालीस, "आई, सांगा. नाहीतर मी सांगते, आणि माझा आवाज डेपोत कमावलेला आहे."

तू सांगितलं असतंस तर काम झालं असतं. पण मला वाटलं, एवढी चार तासांचा प्रवास करून, ड्युटी बदलून, नवऱ्याचं तोंड बघायला नको असताना ही इथे उभी आहे, आणि मी मूग गिळून बसलेय. मग निघालं ते वाक्य. जरा जास्तच जोरात निघालं. "मला लघवीला जळजळ होते. महिना झाला. ताप येतो. जिना उतरवत नाही म्हणून मी पाणी पीत नाही." बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ढोल्याने पेनाला टोपण लावलं.

तो म्हणाला, "काकू, या वयात नुसत्या एवढ्यानेसुद्धा माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतं. आधी हे बरं करू, मग बघू डोकं किती बिघडलंय ते." मी म्हणाले, "कपाळ माझं, मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर." तो म्हणाला, "मी विचारलं होतं, काकू." विचारलं होतं त्याने, खोटं कशाला बोलू.

पण सगळ्यात मोठी गोष्ट नंतरची. तू तेव्हा नर्सकडून डबी घ्यायला बाहेर वळली होतीस, अर्धं ऐकलं असशील. चिरंजीव खाली मान घालून बसले होते, कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "असलं कसं सांगायचं तुला?" तर तो म्हणाला, "मी चौथीत जाईपर्यंत रोज गादी भिजवायचो. तू पहाटे उठून चादर धुवायचीस, बाबांना कळायच्या आत. हा ढोल्या मुक्कामाला असायचा तेव्हा माझ्या बाजूला तू पाणी सांडायचीस आणि म्हणायचीस, माझ्याच हातून तांब्या लवंडला. इतकी वर्षं कुणाला बोलली नाहीस. माझं तू धुतलंस, आणि तुझं मी ऐकूसुद्धा नको?"

हेच ते गुपित. मी शब्द दिला होता तो त्यालाच, तो पहिलीत असताना. लग्नानंतरही तुला सांगितलं नव्हतं, आठवून बघ. आणि ते त्याने स्वतः सांगून टाकलं, ढोल्यासमोर, तुझ्या पाठीमागे दार उघडं असताना. ढोल्या म्हणाला, "म्हणजे तांब्या लवंडत नव्हता होय?" आणि आम्ही तिघंही हसलो. नंतर मला हुंदका आवरेना.

गोळ्या पूर्ण झाल्या. डबी दोनदा भरून दिली, लाजबीज काही नाही, चिरंजीवांच्या हातात देते सरळ. ताप गेला, जळजळ गेली. परवा ढोल्याने पुन्हा घड्याळ काढायला लावलं, आकडे आपापल्या जागी बसले. एक शब्द विसरले, दोन आठवले. तो म्हणाला, एवढं चालतं, पण दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. जवाचं पाणी पिऊ का विचारलं, तर म्हणाला आवडत असेल तर प्या, पण खरं काम साध्या पाण्याचं, आणि जळजळ झाली की त्याच दिवशी यायचं, सोडा-दही करत बसायचं नाही. बाही उसवून दिली. लाँड्रीवाल्यांनी पुन्हा काम पाठवायला सुरुवात केली, आधी नुसती बटणं. निवासाची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तिथे बाग चांगली आहे म्हणतात, ज्याला मिळाली त्याला लखलाभ.

आणि कठडा बसला. चिरंजीव तीन रविवार स्वतः पाइप आणून, भिंतीत भोकं पाडून, घामाघूम होऊन बसवत होते. संडासाशी एक दांडाही लावला, उठताना धरायला. घड्याळ बघत नव्हते, काढून खिशात ठेवलं होतं. शेवटच्या रविवारी काम संपलं, हात धुतले, आणि तो बराच वेळ तुझ्या खुर्चीकडे बघत बसला. मला विचारलं, "ती काही लिहिते?" मी म्हणाले, "दोन ओळी."

तू परत येणार नाहीस, हे मला कळतं. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तुम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसला होतात आणि मधे माझा बिछाना होता, आणि दोघं माझ्याशीच बोलत होतात. ते बघून समजलं. मी काही जोडायला जाणार नाही. कापड कुठे रफू होतं आणि कुठे होत नाही, एवढं मला कळतं.

फक्त एक मागते. तुझी जेवायची सुट्टी एक वाजता असते ना, अजूनही? मी रोज एक वाजता निळ्या दोऱ्यापर्यंत येते. तूही येत जा. इथून मला दिसणार नाही, पण येत जा.

आज सकाळी लाल दोरा ओलांडला, कठड्याला धरून जिना उतरले आणि चढून वर आले, एकदाही न थांबता. दार उघडलं आणि मोठ्याने म्हणाले, "पास!" खोलीत कुणी नव्हतं. म्हणून तुला लिहायला बसले.

तुझी
आई